सिनेमातला ढावलो

आमचं मेडिकल पुढे आहे आणि घर मागे. मधे एक भिंत आणि भिंतीतल्या दाराला पडदा. पांढरकवड्यात शेजारच्या दवाखान्यातून बाहेर पडलेला पेशंट सरळ आमच्या काउंटरशी येतो. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कानावर मागच्या खोलीतलं कार्टून आदळू नये, म्हणून दुकान उघडं असेपर्यंत टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवायचा, असा माझा नियम होता. नियम करायला मी पहिल्यापासून हुशार आहे. ते पाळायची पाळी घरातल्या बाकीच्यांवर येते.

इथे ती माझ्या आईवर आणि मुलीवर आली. वडील गेल्यावर आई झरीकडच्या आमच्या तांड्यावर भावाकडे राहत होती. माझी मुलगी पहिलीत गेली, तिची शाळा दुपारी सुटायला लागली, नवरा माल आणायला सारखा बाहेरगावी, तेव्हा मी आईला इकडे आणलं. लोकांना मी सांगायची, 'आईला तिकडे करमत नाही.' खरं म्हणजे मला पोर सांभाळायला माणूस हवं होतं. आईला तांड्यावर चांगलं करमत होतं.

दुपारी दोघी टीव्हीसमोर चटई टाकून बसायच्या. पोरीला एका मालिकेचं वेड लागलं होतं. मालिका परदेशातली, हिंदीत आणलेली. डोंगरातल्या एका गावात निळ्या रंगाचं एक छोटं खेचर राहतं आणि पाठीवर थैल्या घेऊन गावभर सामान पोचवतं. कोणाला पीठ, कोणाला औषध, कोणाला वाढदिवसाचा केक. रस्त्यात काहीतरी घोटाळा होतो, तो निस्तरतो, आणि संध्याकाळी ते घरी येतं. त्याची आई दारात उभी असते. दर भागात हेच. माझ्या आईला हिंदी चांगलं कळतं, पण आवाजच ऐकू येत नाही म्हटल्यावर कळून काय उपयोग? मग तिनं सरळ आपल्या मनानं त्या सगळ्यांचं बोलणं बोलायला सुरुवात केली.

सगळ्यात आधी तिनं खेचराला खेचर म्हणायचं नाकारलं. तिच्या लेखी ते वासरू होतं. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता सगळे शेती करतात, पण पाठीवर गोणी दिसली की तिला खाली बैलच दिसतो. मी एकदा पडद्याआडून डोकावून म्हटलं, "याडी, थे खेचर हाये." याडी म्हणजे आई. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. इथे मी ते वऱ्हाडीत लिहिते आहे, म्हणजे सगळ्यांना कळेल.

"तुले काय समजते?" ती म्हणाली. "गोणी पाह्य त्याच्या पाठीवर कशी बसली. वासरूच हाये थे."

"निळं वासरू असते का कुठी?"

"मंग निळं खेचर असते का?"

पोरगी खिदळायला लागली आणि मी मुकाट दुकानात परतले.

काउंटरवर उभी असताना मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. त्या डोंगरातल्या गावाचा तिनं पार तांडा करून टाकला होता. पाव भाजणारं जाडं अस्वल तांड्याचा नायक झालं होतं आणि सगळ्यांचे तंटे मिटवत होतं. पोस्टातली बकरी माझी आत्या झाली होती, कारण दोघी बोलताना सारख्याच माना हलवतात. वासरू घरी आलं की त्याची आई त्याला विचारायची, भाकर खाल्ली का, पाणी कुठं प्यालास, पाय दुखतात का. प्रत्येकाचा आवाज वेगळा. गिऱ्हाईक कधी कधी विचारायचं, आत कोण आलं आहे. मी म्हणायची, कोणी नाही, टीव्ही आहे.

यात एक गोष्ट झाली. शाळेत घालताना मी पोरीशी मराठीतच बोलायचं ठरवलं होतं, तिथे मागे पडू नये म्हणून. हाही माझाच नियम. त्यामुळे तिला गोरमाटी कळायची, पण बोलायला गेली की अडखळायची. त्या चटईवर ती बोलायला शिकली. वासराचं बोलणं हळूहळू तिच्याकडे आलं, त्याच्या आईचं नानीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, राहिलं. एक दिवस तिनं मला जेवायला हाक मारली ती गोरमाटीत, आणि मी हातातली बाटली तशीच धरून उभी राहिले. मला बरं वाटलं होतं. आईला मात्र मी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

दिवाळीच्या सुट्ट्यांत त्या मालिकेचा सिनेमा आला. पांढरकवड्यात लागणार नव्हता, यवतमाळला लागला. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बायकोची मुलंही त्याच मालिकेची वेडी. त्या दुकानात येऊन म्हणाल्या, "ताई, आम्ही गाडी घेऊन चाललो आहोत. तुम्ही आणि छोटी चला न." मी त्यांना मॅडम म्हणते. मॅडमनी मला आपल्या गाडीतून सिनेमाला बोलावलं, याचा मला किती आनंद झाला हे लिहितानाही लाज वाटते. आमचं अर्धं दुकान त्यांच्या दवाखान्यावर चालतं, हे एक कारण. पण तेवढंच नव्हतं. त्या मला आपल्यातली समजतात, असं मला दिसायला हवं होतं.

पोरीनं नानीशिवाय यायला साफ नकार दिला. मॅडम म्हणाल्या, "मग आईंनाही घ्या की, जागा आहे गाडीत." बाई मनानं चांगल्याच आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही.

निघायच्या दिवशी आई सकाळीच तयार होऊन बसली. तिनं तिचा फेटिया आणि कांचळी घातली होती, म्हणजे आमच्या बायकांचा तो आरसे लावलेला घागरा आणि चोळी. लग्नकार्यातच ती आता तो बाहेर काढते. मी म्हटलं, "याडी, लुगडं नेस न."

"काहून? सिनेमाले जाचं तं चांगलं घालून जा लागते न."

"लुगडं शोभते तुले. अन गाडीत बसाले सोपं जाते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि लुगडं नेसून आली. तिला कळलं होतं, आणि तिला कळलं आहे हे मला कळलं होतं. तरी मी तिच्या पदराची पिन नीट करून दिली आणि म्हटलं, बघ कशी छान दिसतेस.

थिएटरात जाताना मी तिला दुसरी सूचना दिली. आत बोलायचं नाही. इथे आवाज मोठा असतो, तुला बोलायची गरज पडणार नाही. ती हो म्हणाली. आमच्या रांगेत पलीकडे डॉक्टरांची मुलं, मग माझी मुलगी, तिच्या शेजारी आई, मग मी, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला मॅडम. सिनेमा सुरू झाला तसं ते वासरू भिंतीएवढं मोठं होऊन हिंदीत बोलायला लागलं. पोरगी सारखी पडद्याकडे आणि मग नानीच्या तोंडाकडे बघायची. आई मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. मध्यंतरात मी तिला म्हटलं, "शाब्बास." आईला शाब्बास म्हणणारी मुलगी मी.

आता टीव्हीवरच्या गोष्टीचा सिनेमा करायचा तर नुसतं गावभर सामान पोचवून कसं भागेल? मोठा पडदा भरायला मोठा प्रवास हवा. म्हणून सिनेमात त्या वासराला गाव सोडून समुद्रापलीकडच्या शहरात कामाला पाठवलं होतं. कधी परत येईल ते कोणालाच माहीत नाही. निघायच्या सकाळी त्याची आई त्याच्या थैल्या भरते, पट्टे आवळते आणि गेटाशी उभी राहते. वाजंत्री सुरू होते. ती हसते, हात हलवते. वासरूही मागे वळून हसतं आणि चालायला लागतं. धीराची माणसं अशी असतात, असं सिनेमा करणाऱ्यांना दाखवायचं असावं.

आई पुढे सरकून बसली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "थे रडून नाही राह्यली?"

"याडी, चूप."

"लेकरू घरून चाल्लं, अन कोणीच रडून नाही राह्यलं? सारं गाव उभं हाये न तिथं."

मी तिच्या हातावर हात दाबला. ती पुन्हा पडद्याकडे वळली. वासरू वळणापाशी पोचलं होतं, आता दिसेनासं होणार होतं. तिनं पदर तोंडावर ओढला आणि ढावलो सुरू केला.

ढावलो म्हणजे रडत म्हणायचं गाणं. मुलगी सासरी निघाली की बायका म्हणतात, आणि लांब गेलेलं आपलं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं की गळ्यात पडून म्हणतात. त्याचे शब्द तिथल्या तिथे जुळवायचे असतात, त्या माणसासाठी काय केलं, त्याच्याशिवाय काय राहून जाणार, ते एकेक आठवून. कोणाला ढावलोशिवाय घरातून जाऊ देणं म्हणजे तो नकोसा झाला होता असं सांगण्यासारखं. आणि एकीनं सुरू केला की जवळच्या दुसरीनं तिच्या गळ्यात हात टाकायचा असतो. तिला एकटीला रडू द्यायचं नसतं.

आई त्या वासरासाठी रडत होती. तुझी गोणी मी शिवली, तुझ्या खुरांना मी तेल लावलं, आता वाटेत पाण्याची जागा तुला कोण दाखवील, असं काहीसं म्हणत होती. आवाज फार मोठा नव्हता, पण तो आवाज दबत नाही. माझी पोरगी खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली आणि तिनं नानीच्या गळ्यात हात टाकला. तांड्यावरच्या लग्नांत तिनं पाहिलं होतं. जे मी करायला हवं होतं ते तिनं केलं.

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. कोणीतरी मोबाईलचा उजेड आमच्यावर टाकला. मॅडम माझ्याकडे वाकून घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "काय झालं, ताई? बरं नाही का आईंना?"

आमच्यात असंच रडतात, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "थोडा डोक्याचा त्रास आहे त्यांना. गोळ्या सुरू आहेत."

काउंटरवर 'जेवणानंतर घ्या' म्हणते त्याच आवाजात म्हटलं. आधी ठरवलं नव्हतं, जिभेवर आपोआप आलं. म्हणूनच मला माझीच भीती वाटते.

आई मधेच थांबली. तिला मराठी माझ्याइतकंच कळतं आणि ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तिनं पदर खाली घेतला, पोरीचा हात गळ्यातून हळूच सोडवला आणि तिला खाली बसवत म्हणाली, "पाह्य, सिनेमा पाह्य." पुढे ते वासरू शहरात गेलं, तिथे काय काय झालं, परत आलं की नाही, मला काही सांगता येणार नाही. मी पडद्याकडे तोंड करून बसले होते इतकंच.

परतताना मॅडम फार मायेनं वागल्या. नागपूरला एक चांगले डॉक्टर आहेत, यात लपवण्यासारखं काही नसतं, शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, असं बरंच बोलल्या. सगळं खरं होतं. मी हो हो करत होते. आई काचेतून बाहेर वेचणीला आलेल्या कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहत होती. मॅडमनी तिला पाण्याची बाटली उघडून दिली, तेव्हा तिनं ती घेतली आणि पाणी प्याली.

घरी आल्यावर ती भांडेल म्हणून मी वाट पाहिली. भांडली असती तर मी उलट बोलले असते, आणि दोघी तोंड सुजेपर्यंत रडून मोकळ्या झालो असतो. आमच्या घरात तीच रीत आहे. पण तिनं कणीक मळली, पोरीला जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखी चटई टाकून टीव्हीसमोर बसली. मी काउंटरवर कान देऊन होते. भिंतीपलीकडून काहीच येईना.

"नानी, बोल न," पोरगी म्हणाली.

"टीव्ही बोलते न, बाई. थ्याचंच आयक."

पोरीनं आवाज वाढवला. मी तो वाढू दिला. थोड्या दिवसांनी तिनं ती मालिका बघणंच सोडलं आणि दुपारी शेजारी खेळायला जायला लागली. माझ्याशी पुन्हा मराठीत बोलायला लागली. मी तिला गोरमाटीत विचारलं तरी ती मराठीत उत्तर द्यायची, आणि तिला रागावायला मला तोंड नव्हतं.

मग एक दिवस मॅडम दुकानात आल्या. आई काउंटरजवळच्या स्टुलावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मॅडम तिच्यापुढे वाकल्या आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आई, बरं वाटतं न आता? गोळ्या वेळेवर घेता न?"

दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती. आईनं माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात ती मला उघडी पाडू शकली असती, आणि त्या क्षणी मला वाटलं, पाडावं. मला तोच न्याय वाटला असता.

"घेतो न, बाई," ती म्हणाली. "माही पोरगी देते न मले आपल्या हातानं."

"नशीबवान आहात," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. मी पाठ फिरवून रॅकमध्ये काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते ते मलाच माहीत नव्हतं.

दुकान रिकामं झाल्यावर मी तिला विचारलं, "काहून बोलली तू असं?"

"मंग काय सांगू? माही पोरगी लबाड बोलते म्हणून सांगू?"

"मी सांगतो मॅडमले. खरं काय थे सांगतो."

"सांग, सांगाचं असंन तं," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

सांगायला मी बरेच दिवस लावले. आज गर्दी आहे, उद्या त्यांच्याकडे पाहुणे आहेत, अशी कारणं काय, पायलीभर सापडतात. मधल्या काळात दवाखान्यात येणाऱ्या ओळखीच्या बायकाही आईशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागल्या. मॅडमनी काळजीपोटीच कोणाला तरी सांगितलं असणार. शेवटी एक दिवस मी चप्पल घातली आणि त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मॅडम, माझ्या आईला काही झालेलं नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले. मला तुमच्यासमोर लाज वाटली म्हणून."

आणि मग ढावलो काय असतो ते सांगितलं. लग्नात कसा म्हणतात, शब्द कसे जुळवतात, आई टीव्हीसमोर पोरीसाठी कशी बोलायची, सगळं. बोलता बोलता मला रडू आलं. मॅडमनी मला खाली बसवलं आणि माझा हात हातात घेतला.

"ताई, मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "घरच्यांना हे मान्य करायला फार जड जातं. आमच्या सासऱ्यांच्या वेळी मीही सगळ्यांना असंच सांगायची, त्यांचा स्वभावच आहे म्हणून."

"नाही मॅडम, खरंच तिला काही नाही."

"हो," त्या म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. "फक्त गोळ्या मधेच बंद करू नका हं. तुम्हाला तर ठाऊकच आहे."

मी जितकं समजावत गेले तितकी त्यांची माया वाढत गेली. शेवटी मी चहा पिऊन परत आले.

आई मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मी तिच्यासमोर बसले आणि मॅडम काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, खरंखुरं हसली.

"म्हंजे मी आता पक्की पागल झालो," ती म्हणाली. "बरं झालं. आता कुठीही रडलं तरी कोणी काही म्हणत नाही."

मलाही हसू आलं, आणि त्या हसण्याचा आधार घेऊन मी म्हटलं, "मंग रड न, याडी. आता रड. त्या दिवशी अर्धाच राह्यला न तुहा ढावलो? मी टाकतो न गळ्यात हात."

तिनं हातातली घडी बाजूला ठेवली.

"ढावलो असा म्हणता येते का?" ती म्हणाली. "आपलं माणूस लांब गेलं असंन, तं त्याच्यासाठी म्हणा लागते. तू तं इथंच हायस न?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि उत्तराची वाट बघत होती. मला हो म्हणायचं होतं, आणि ते तोंडातून फुटेना.